माहेर कालव्यावर, सासर नळावर

आमच्या गावात पाणी आलं की ते आधी ऐकू येतं. तोटीतून सूं सूं वारा सुटतो, मग नळ दोन-तीन उचक्या देतो, गढूळ पाण्याची एक पिचकारी मारतो आणि मग धार लागते. रात्रीचे दोन वाजलेले असोत नाहीतर घरात पाहुणे जेवायला बसलेले असोत, बाई उठणारच. आमच्या सासूबाईंना आता ऐकू कमी येतं. दारावरची बेल त्यांना कळत नाही, पण नळाचा वारा मात्र झोपेतही कळतो. "उठ गं, आलं!" एवढीच हाक येते. काय आलं हे आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा पाणी एक दिवसाआड यायचं. पुढे तिसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी असं करत करत आठव्या दिवसावर गेलं. आठ दिवसांचं पाणी साठवायचं म्हणजे काय, हे ज्या करतात त्यांनाच ठाऊक. शहरासाठी सरकारी नियम माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. भुयारी गटार नसलेल्या आमच्यासारख्या गावांना ७० लिटरचा. आपण ७०च धरू. घरात पाच माणसं, आठ दिवस. झाले २८०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची चौदा पिंपं! चौदा पिंपं ठेवायची कुठे? आमच्याकडे जिन्याखाली, न्हाणीत, गच्चीवर मिळून सहा आहेत. बाकीचं बादल्या, हंडे, कळश्या आणि देवाची कृपा. त्यातही गंमत बघा, नवं पाणी आलं की आदल्या खेपेचं उरलेलं 'शिळं' म्हणून आपणच अंगणात ओतून देतो. मीसुद्धा देत होते. आठ दिवस जिवापाड जपलेलं पाणी नवव्या दिवशी मोरीत. आणि नाही ओतलं तर त्यात डेंगीच्या डासाच्या अळ्या. साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो म्हणतात. आमच्या पाण्याचं वेळापत्रक त्या डासाला अगदी सोयीचं होतं.

तर या पाण्यापायी मी राजकारणात आले. राजकारण हा फार मोठा शब्द झाला. २०१६ चा उन्हाळा आठवतोय ना? मांजरा धरण आटलं आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेत २५ लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये तिथं पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. टीव्हीवर ती गाडी बघताना आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आपल्या गावाला तर रेल्वेसुद्धा नाही, आपण काय करायचं? त्या महिन्यात आम्ही नगरपालिकेवर हंडा मोर्चा नेला. मी पुढे होते, कारण माझा आवाज मोठा. वर्षअखेरीला निवडणूक लागली, वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, आणि ह्यांनी नको नको म्हणत असतानाही लोकांनी मला उभं केलं. निवडून आले. पुढे पाणीपुरवठा समितीची सभापतीही झाले. मोर्चातला हंडा पितळेचा होता, तो आता हळदीकुंकवाला काढतो.

पहिले सहा महिने मला फायलीतलं मराठीच कळेना. उद्भव, उद्धरण नलिका, उपयुक्त साठा, तांत्रिक मंजुरी, दलघमी. शेवटी पाणीपुरवठा विभागातल्या निवृत्तीला टेकलेल्या एका काकांना मी घरी चहाला बोलावलं आणि म्हटलं, काका, पहिलीतल्या मुलीला सांगता तसं सांगा. त्यांनी सांगितलं ते असं. धरणाच्या पोटात एक मोठी विहीर बांधलेली असते, ती जॅकवेल. तिथले पंप पाणी ढकलतात ते मोठ्या पाइपातून, ती उद्धरण नलिका. ते शुद्धीकरण केंद्रात येतं, तुरटी, वाळूचा थर, क्लोरीन असं करत स्वच्छ होतं, उंच टाकीत चढतं, आणि मग वॉलमनच्या किल्लीच्या हुकमानं आपल्या नळाला. मैत्रिणींनो, यातल्या प्रत्येक पायरीला वीज लागते, माणूस लागतो आणि पैसा लागतो. आपण भांडतो फक्त शेवटच्या पायरीवरच्या माणसाशी. बिचारा वॉलमन!

दलघमी हा शब्द तर लक्षातच ठेवा, पेपरात रोज येतो. दशलक्ष घनमीटर. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. हे ऐकून मला घाम फुटला होता, पण हिशेब बायकांना काही अवघड नाही. समजा गाव चाळीस हजार वस्तीचं आहे. माणशी १३५ लिटर दिले तरी दिवसाला ५४ लाख लिटर, वर्षाला सुमारे दोन दलघमी. एक टीएमसी म्हणजे २८ दलघमीच्या थोडं वर. म्हणजे पुढारी भाषणात ज्या एकेका टीएमसीवरून भांडतात, त्या एका टीएमसीत आमच्याएवढी चौदा गावं वर्षभर पाणी पितील. हा हिशेब जमला त्या रात्री मला झोप आली नाही. मग आपल्याला आठव्या दिवशी का? धरण तर आहे की!

धरण आहे, पण ते एकट्या गावाचं नाही. तिथं आमचं माहेर आलं.

माझं माहेर त्याच धरणाच्या कालव्यावर, अगदी शेवटच्या टोकाला. बाराशे वस्तीचं गाव. दादाची चार एकर जमीन, त्यात दीड एकर ऊस. पाटाला पाणी सुटलं की त्याला आवर्तन म्हणतात, गावाकडे नुसतं पाळी. पाळी आली की घरात सण. वहिनी पाटावर गोधड्या धुवायला नेते, पोरं डुंबतात, आणि चार-पाच दिवसांनी गावच्या पिण्याच्या विहिरीला पाझर वाढतो. हे शेवटचं नीट ध्यानात घ्या. पाटाचं पाणी उसाला जातं म्हणून आपण शहरवाले नाकं मुरडतो. पण पाट वाहिला नाही तर खालच्या गावांच्या विहिरीही कोरड्या पडतात. तिथं पाणी उसाचं आणि पिण्याचं असं वेगळं राहत नाही.

दरवर्षी पावसाळा संपला की १५ ऑक्टोबरला धरणांत किती साठा आहे ते पाहतात. त्यावरून पिण्यासाठी किती राखून ठेवायचं हे जिल्हाधिकाऱ्यांकडच्या बैठकीत ठरतं, आणि उरलेल्या पाण्याची आवर्तनं किती हे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची कालवा सल्लागार समिती बघते. प्यायला पहिलं, हे राज्याच्या धोरणातच आहे. दुसऱ्या नंबरावर पूर्वी उद्योग होते, २०११ मध्ये तिथं शेती आली. तालुक्यातालुक्यांतच नव्हे, जिल्ह्याजिल्ह्यांतही या १५ ऑक्टोबरवरून कोर्टकचेऱ्या झाल्यात. जायकवाडीत त्या तारखेला ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, असं २०१४ मध्ये जलसंपत्ती प्राधिकरणानं ठरवून दिलं. त्यावर नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असं केवढं रान पेटलं ते आठवत असेल. आपल्या घरातलं भांडण त्यापुढे किरकोळ. पण ते घरातलं असतं, म्हणून जास्त बोचतं.

२०१८ मध्ये पावसानं दगा दिला. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही होता. धरण निम्मंही भरलं नव्हतं. बैठकीला नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि मी. मी आदल्या रात्री कागद तयार करून नेला होता. पुढच्या जुलैअखेरपर्यंत गावाला किती लागेल, उन्हात उडून किती जाईल, गाळात किती अडकेल. मी बोलले. चांगलं बोलले म्हणे. साहेबांनी मान डोलावली. गावाचं आरक्षण पुरं मंजूर झालं आणि पाटाला तीनऐवजी एकच आवर्तन मिळालं. खाली उतरताना नगराध्यक्ष म्हणाले, "ताई, जिंकलात." मी पेढे घेऊन घरी आले. त्या खोलीत माहेरच्या गावचं कुणीच नव्हतं, हे मला पेढा तोंडात टाकल्यावर सुचलं.

भाऊबीजेला दादा आला नाही. पाडव्याला वहिनीचा फोन आला, तिनं ह्यांची, मुलांची चौकशी केली, माझी केली नाही.

मार्चमध्ये आई आजारी म्हणून मी गेले. फाट्यावरून चालत येताना दादाचा ऊस दिसला. चाऱ्याला तोडायला काढला होता. छावणीसाठी गाडीवान भरून नेत होते. घरी आई खाटेवर नव्हतीच. ती टँकरच्या रांगेत होती, ताप अंगात घेऊन. टँकर आला की तो विहिरीत ओततात आणि मग सगळ्या बायका एकदम विहिरीवर. टंचाईत माणशी २० लिटर धरतात. बाराशे माणसांना चोवीस हजार लिटर, बारा हजारांचे दोन टँकर. एक आला तर आला. मी आईच्या हातातला दोर घेतला. दोघीतिघींनी ओळखलं. एक म्हणाली, "तुमच्याकडं तर नळ हायेत ना बाई?"

रात्री दादा जेवायला बसला तेव्हा पहिल्यांदा बोलला. "तुझ्या नळाला आलं का पाणी?"

मी म्हटलं, "दहाव्या दिवशी येतं दादा."

"येतं ना पण."

आई मध्ये पडली. ती भांडण मिटवायला काहीतरी जुनं काढते, तसं तिनं धरण काढलं. आम्हाला हे अर्धवट माहीत होतं, त्या रात्री सगळं ऐकलं. १९७२ च्या दुष्काळात आईचं नुकतंच लग्न झालेलं. त्या वर्षी दुष्काळी कामं निघाली, त्यात या धरणाच्या मातीकामावर ती आणि माझी आजी जात. डोक्यावर पाटी, दुपारी सुकडी, घरी आल्यावर लाल मिलोची भाकरी, ती गिळवत नसे. हजेरीवाल्याला वय वाढवून सांगितलं होतं म्हणे. "पाणी येईल, पाट येईल म्हणून मातीत हात घातले. आता एकीकडं पोरगं आणि एकीकडं पोरगी. मी कुणाचं पाणी तोडू?" एवढं बोलून ती कूस बदलून झोपली. दादा ताटावरून उठून अंगणात गेला.

असं फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्याच्या आसपास आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात, हे दरवर्षी पेपरात येतंच. धरण उशाशी आणि हंडा डोईवर.

परत आल्यावर मी काकांना विचारलं, काका, आपण एवढं आरक्षण भांडून आणलं, ते पाणी जातं कुठं? दहाव्या दिवशी का येतं? काका म्हणाले, "मॅडम, रात्री टाकीवर याल का?" बाईमाणसानं रात्री टाकीवर जायचं म्हणजे गावात चर्चा. ह्यांना सोबत घेतलं. अकरा वाजता टाकी भरली. पाच लाख लिटरची टाकी, आत चार मीटर पाणी. मग वॉलमननं सगळ्या वॉर्डांचे व्हॉल्व्ह बंद केले, टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह तेवढा उघडा ठेवला. म्हणजे आता कुणाच्याच नळाला पाणी नाही, टाकीची पातळी हलायला नको. आम्ही तिघं सतरंजीवर बसलो, ह्यांनी थर्मासमधून चहा काढला. पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात पट्टी बघितली. पंचेचाळीस सेंटिमीटर उतरली होती! पाण्याचा एक मीटर म्हणजे सव्वा लाख लिटर. हिशेब मी तिथंच वहीच्या मागच्या पानावर केला. छप्पन्न हजार लिटर. पाच तासांत. एकाही बाईनं तोटी उघडलेली नसताना.

माझ्या माहेरच्या गावाला दोन दिवसांना टँकरनं लागतं त्यापेक्षा जास्त पाणी, आमच्या गावात एका रात्रीत, मुख्य पाइपातून जमिनीत मुरलं होतं. आणि हे फक्त टाकीपासून वॉर्डाच्या व्हॉल्व्हपर्यंतचं. पुढच्या गल्लीबोळांतल्या गळत्या, बेकायदा जोडण्या, नळाला थेट लावलेल्या मोटारी वेगळ्याच. गळती पंधरा टक्क्यांच्या आत असावी असा दंडक आहे. आमच्याकडे किती होती हे कुणी मोजलेलंच नव्हतं. मोटारींबद्दल मी बोलायचं म्हणजे पंचाईत, कारण माझ्या घरीही होती. दुसऱ्या दिवशी ती काढली. सासूबाई आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या.

गळती काढायची तर जुने सिमेंटचे पाइप बदलायचे. पाइप बदलायचे तर पैसा. आता पैशाची गोष्ट थोडक्यात सांगते. मला ती समजायला दोन वर्षं लागली, तुमची दोन वर्षं वाचोत. घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पाणीपुरवठा गावाच्या यादीत आला, बाराव्या परिशिष्टात तो आहेच. काम आलं, पण कमाई आली नाही. जकात गेल्यावर नगरपालिकेच्या हातात उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी. मोठी योजना स्वतःच्या जिवावर करणं अशक्य. म्हणून केंद्र आणि राज्याच्या योजनांची वाट बघायची. २००५ मध्ये लहान-मध्यम शहरांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यात केंद्र ८० टक्के, राज्य १० आणि नगरपालिका १० असा वाटा होता. पुढे राज्याचं नगरोत्थान आलं, २०१५ मध्ये मोठ्या शहरांसाठी अमृत, आणि ऑक्टोबर २०२१ पासून अमृतचा दुसरा टप्पा, तो सगळ्या लहानमोठ्या शहरांना खुला झाला. लाखाच्या आतल्या गावाला त्यात केंद्राचे निम्मे पैसे मिळतात, बाकी राज्य आणि नगरपालिकेनं घालायचे. नावं बदलतात, टक्के बदलतात, एक गोष्ट बदलत नाही. गावाचा वाटा. तो गावानंच भरायचा. लग्नात सोनं सासरचे घालणार असले तरी मांडव आपल्याला घालावाच लागतो, तसं.

आणि योजना मिळाली की संपलं असं नाही. ती बांधायला पैसे वरून येतात, चालवायला कुणी देत नाही. पंपाचं वीजबिल, तुरटी, क्लोरीन, माणसांचे पगार, शिवाय धरणातलं पाणीसुद्धा फुकट नाही, जलसंपदा खात्याशी करार करून ते मापानं विकत घ्यायचं. हे सगळं पाणीपट्टीतून. आणि आमच्या गावात पाणीपट्टी होती वर्षाला बाराशे, तीही निम्म्याहून जास्त घरं थकवत होती. थकवणाऱ्यांत गरीब फार नव्हते. बंगलेवाले होते. गरीब बाई पाचशेच्या दोन नोटा आणि सुटे घेऊन मार्चमध्ये खिडकीवर उभी असते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी समितीत प्रस्ताव मांडला, पट्टी अठराशे करा आणि तो पैसा फक्त पाइपांना लावा. बातमी फुटली आणि आठव्या दिवशी माझ्याच दारात हंडा मोर्चा! २०१६ च्या मोर्चातल्याच बायका, त्याच घोषणा. एकीनं तर मला बघून हसतच म्हटलं, "ताई, तुमच्याचकडून शिकलोय." मी त्यांना आत बोलावलं. पन्नासेक जणी, चहाला दूध पुरेना. मी म्हटलं, दिवसाला पाच रुपयेसुद्धा पडत नाहीत, पाण्याचा जार तीस रुपयांना घेता की. तेव्हा कोपऱ्यातली एक शिलाईकाम करणारी बाई उठली. तिनं हिशेबच मांडला. "तुम्ही वर्षाचे बाराशे घेता आणि पाणी देता पंचेचाळीस वेळा. म्हणजे एका वेळचे सव्वीस-सत्तावीस रुपये आम्ही भरतोच की. रोज पाणी द्या, मग रोजचा हिशेब सांगा." मला उत्तर नव्हतं. आजही नाही. तिचं बरोबरच होतं, आणि पैशाशिवाय रोज पाणी येणार नाही हेही बरोबर होतं.

शेवटी तिच्याच बोलण्यातून वाट निघाली. आधी मुख्य पाइपाची मोठी गळती काढायची, पाणी सहाव्या दिवसावर आणायचं, ते आल्याशिवाय वाढीव पट्टी लावायची नाही, आणि लावायची ती पंधराशेच. तसा ठराव झाला. वित्त आयोगाच्या निधीतून तेवढं काम बसलं. सभागृहात बाकी सगळे विषय गोंगाटात मंजूर होतात, हा मात्र तीन तास चालला. दोन नगरसेविका माझ्या विरुद्ध मतदान करून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "मनातून तुझ्या बाजूनं आहोत, पण घरचे ओरडतील."

मधल्या काळात आम्ही अभ्यास दौराही केला. अभ्यास दौरा म्हटलं की लोक हसतात, आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं. पण आम्ही गेलो होतो कराडजवळच्या मलकापूरला. लहानसं गाव, नदीचं पाणी, पण तिथं चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना केली, घरोघर मीटर बसवले, दुरूनच वाचता येणारे, आणि दर असा ठेवला की कमी वापरणाऱ्याला स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला चढत्या भावानं. मी योजना बघण्यापेक्षा घरं बघितली. एका घरी पाणी मागितलं. त्या माउलीनं नळ सोडून तांब्या भरून दिला. पिंप कुठंय म्हणून मी इकडेतिकडे बघतेय! पिंप नव्हतंच. साठवत नाहीत म्हणजे शिळं म्हणून ओततही नाहीत. परतीच्या गाडीत आम्ही बायका योजनेबद्दल कमी आणि रिकाम्या न्हाणीबद्दल जास्त बोललो. तेवढ्या जागेत वॉशिंग मशीन बसेल असं एकीचं म्हणणं पडलं.

मोठ्या योजनेचा प्रस्ताव आमच्या काळात तयार झाला, मान्यता मिळायला वेळ गेला, मध्ये २०२० मध्ये करोना आला. २०२१ च्या अखेरीला आमची मुदत संपली आणि प्रशासक बसले. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांच्या निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. एवढी वर्षं बाईनं हंडा घेऊन जायचं तरी कुणाकडे? मी या वेळी उभी राहिले नाही, वॉर्डाचं आरक्षण बदललं. योजनेचं काम सुरू आहे, गावभर चर खणलेत, स्कूटी घसरून दोघींचे हात मोडलेत. पाणी चौथ्या दिवशी येतं.

माहेरीही पाइप आला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवनमधून. तिथं गावाच्या पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात, आणि लोकवर्गणी दहा टक्के, पैशानं नाहीतर श्रमानं. वहिनी समितीत आहे. तिनं दारोदार फिरून वर्गणी गोळा केली तेव्हा एक दिवस मला फोन आला. पहिल्यांदा माझी चौकशी. मग हळूच, "ताई, लोक पैसे देईनात, तुम्ही काय सांगत होतात बायकांना?" मी म्हटलं, मला तर मोर्चा आला होता. दोघी पोट धरून हसलो. माणशी ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे, टाकी बांधून झाली, अंगणात नळ आला. पाणी कधी येतं, कधी नाही. २०२४ ची मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे. आईनं नळाच्या खांबाला हळदीकुंकू लावलंय आणि तोटीला चाफ्याच्या फुलांची परडी अडकवते.

त्या नळाचा उद्भव कोणता ठाऊक आहे? तेच धरण. म्हणजे आता ऑक्टोबरच्या बैठकीत माझ्या सासरच्या नळाशेजारी माझ्या माहेरच्या नळाचंही आरक्षण मांडलं जातं, आणि दादाचं आवर्तन त्या दोघांच्या नंतर. मी वहिनीला सांगितलंय, आरक्षणाच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीत माग, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. किती दलघमी, कुठल्या तारखेपर्यंत, करार झालाय की नाही आणि थकबाकी किती, एवढं महिला ग्रामसभेत वाचून दाखव. तुमच्या गावातही हे कागद असतात, आणि ते विचारायला नगरसेविका असावं लागत नाही.

दादानं यंदा ऊस अर्ध्या एकरावर आणलाय, तोही ठिबकवर. माझ्यामुळे नाही, पाळीचा भरवसा राहिला नाही म्हणून. भाऊबीजेला आला होता. ओवाळून झाल्यावर ताटात पैसे टाकले आणि म्हणाला, "पुढच्या बैठकीची तारीख कळली की सांग. आमच्याकडून कोण बसतंय तिथं ते बघायचंय." मी म्हटलं, सांगते. जाताना त्यानं न्हाणीतली पिंपं मोजली. सहाची चार झालीत.